मॅटाडोरला किती गुण?

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडात लेस्टरला असते. तिच्याकडे गेलं की शनिवारी संध्याकाळी सगळं घर ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ हा नामवंत मंडळी आणि व्यावसायिक नर्तक यांच्या जोड्यांचा स्पर्धेचा कार्यक्रम लावून बसतं. आता मलाही त्याचं वेड लागलंय. पण काही गोष्टी उलगडत नाहीत. बैलांच्या झुंजीवरचा तो ‘पासो डोबले’ घ्या. ज्याने माझ्या अंगावर काटा येतो त्याला परीक्षक पाच गुण देतात आणि जो मला थंडा वाटतो त्याला आठ. एकाच नाचाला एक परीक्षक चार देतो, शेजारचा आठ. शिवाय तळाची जोडी पुढच्या शनिवारी हसतमुखाने हजर आणि चांगली नाचणारी घरी! जावई म्हणतात, सगळं आधीच ठरलेलं असतं. खरं आहे का? (एक वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर : जावयांशी वाद घालू नये म्हणतात, पण इथे घालावा लागेल. निकाल आधी ठरतो असं मानायला मला तरी आधार दिसत नाही. म्हणून सगळं न्याय्य आहे असंही नाही. अन्याय होतो, आणि तो बहुतेक वेळा परीक्षकाच्या मनात होत नाही, बेरजेत होतो. तिकडे येण्याआधी तुमचा पहिला मुद्दा घेऊ, कारण पासो डोबलेइतका फसवा नाच दुसरा नाही.

याचं संगीत स्पेनचं. झुंजीच्या रिंगणात मॅटाडोर, म्हणजे बैलाशी झुंजणारे (आपल्या रस्त्यांवर धावायची ती गाडी नव्हे), साथीदारांसह संचलन करत आत येतात तेव्हा बँड जे वाजवतो ते हे, दोन मात्रांचं, कूच करायला लावणारं. नाच म्हणून त्याला शिस्त लावली ती मात्र फ्रान्सने. त्यामुळे आजही त्यातल्या बऱ्याच पदन्यासांची नावं फ्रेंच आहेत : अपेल, सूर प्लास, शासे, कू द पीक. स्पर्धेत चाचाचा, सांबा, रुंबा, जाइव्ह आणि पासो डोबले असे पाच नाच ‘लॅटिन’ म्हणून एका गटात येतात, पण हा पाचवा भाऊ बाकीच्या चौघांसारखा वागत नाही. रुंबात, चाचाचात जीव कमरेत असतो. इथे कंबर लचकली की परीक्षकाच्या कपाळाला आठी. त्या नाचांत पुढे जाताना आधी चवडा टेकतो. पासो डोबलेत संचलनासारखं पुढे जाताना आधी टाच पडते. दोन आठवड्यांपूर्वी रुंबा घोटून घोटून शिकलेल्या एखाद्या वृत्तनिवेदिकेला किंवा क्रिकेटपटूला आता अंगवळणी पडलेलं सगळं विसरायचं असतं, आणि तेही पाच-सहा दिवसांत.

मग परीक्षक बघतो काय? आधी ठेवण. ओटीपोट पुढे, छाती वर, खांदे खाली, मान लांब. ही ठेवण नाच संपेपर्यंत सुटता कामा नये. इथेच बहुतेक जण गडबडतात. मॅटाडोर म्हणजे रागीट चेहरा अशी समजूत असते. राग दाखवायला गेलं की माणूस नकळत खांदे कानापर्यंत चढवतो, मान आखूड होते, पाठीला बाक येतो. घरी आपल्याला दिसतात भिवया. परीक्षकाला दिसतात खांदे. तुमच्या अंगावर काटा आणणाऱ्या नाचाला पाच कसे मिळाले, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं पायात आहे. अपेल नावाची एक साधी दिसणारी गोष्ट घ्या. जागच्या जागी अख्खं पाऊल ठामपणे खाली दाबायचं, बैलाला आव्हान दिल्याची खूण म्हणून. नवखा नाचणारा गुडघा चांगला वर उचलतो आणि धाडकन पाय आपटतो. आवाज मोठा होतो, स्टुडिओत आरडाओरडा होतो. पण गुडघा उचलला की वजन मागे गेलेलं असतं, पुढचं पाऊल उशिरा पडतं, आणि तोवर जोडीदारीण अर्धा क्षण पुढे निघून गेलेली असते. ती व्यावसायिक नर्तकी असते, ती सांभाळून घेते, हसत घेते, आणि आपल्याला काही कळत नाही. टेबलामागे बसलेल्याला कळतं. त्या अर्ध्या क्षणाचा एक गुण जातो. असे तीन अर्धे क्षण झाले की आठाचे पाच होतात.

उलट, तुम्हाला ‘थंडा’ वाटलेला नाच आठवून बघा. चेहरा शांत, हातवारे मोजके, कापडाची फडफड फारशी नाही. पण पाऊल नेमकं टाचेवर, वळताना खांदा आधी न जाता कटिभाग आणि छाती एकत्र वळलेली, जोडीदारिणीला हाताने न ओढता शरीराने दिशा दिलेली. जाणकार त्याला आठ देईल. तुम्हाला तो आवडला पाहिजे अशी सक्ती मात्र नाही. माझ्या मते असा नाच कधी कधी खरोखरच थंडा असतो, आणि त्याला आठ देणारा परीक्षक व्याकरणाला गुण देत असतो.

संगीताचीही एक गंमत आहे. स्पर्धांमध्ये पासो डोबले म्हटलं की ‘एस्पान्या कान्यी’ ही पास्कुआल मार्किना यांची १९२० च्या दशकातली रचना ठरलेलीच. तिच्यात ठरावीक जागी संगीत चढत जाऊन एकदम तुटतं. नाचणारे या जागांना ‘हायलाइट’ म्हणतात. अंतिम फेरीत सहा जोड्या एकाच वेळी नाचाच्या फरशीवर असतात आणि त्या जागेला सगळ्या एकदम थबकतात. मैफलीत गायक आणि तबलजी समेवर भेटले की श्रोत्यांच्या माना हलतात ना, नेमकी तशी जागा. आपापल्या रचनेत कोण कुठून फिरून आला, हे कितीही वेगळं असो, सम चुकली की चुकली. परीक्षकाला ती कान बंद करूनही कळते.

टीव्हीवर ही सोय नाही. तिथे बहुधा एखादं रॉक गाणं किंवा चित्रपटाचं संगीत पासो डोबलेच्या लयीत बसवतात आणि दीड मिनिटात कापतात. संगीत कुठे तुटणार हे प्रत्येक गाण्यात वेगळं. म्हणजे परीक्षेचा सगळ्यात पक्का प्रश्नच प्रश्नपत्रिकेतून गेला! उरतं काय, तर झगा, धूर, लाल दिवे आणि कॅमेरा. कॅमेरा ऐन अपेलच्या वेळी चेहऱ्यावर जातो, कारण दिग्दर्शकाला पायापेक्षा डोळे हवे असतात. त्यात चौघेही परीक्षक एकाच बाजूला, एका टेबलामागे. जोडी पाठमोरी असताना काय झालं हे त्यांनाही धड दिसत नाही. इंग्लंडातच ब्लॅकपूलला १९२० पासून नाचाचा महोत्सव भरतो. तिथे परीक्षक फरशीच्या कडेने उभे राहतात, फिरतात, आणि एक शब्द बोलत नाहीत. टीव्हीवर न बोलणारा परीक्षक कोण ठेवेल?

आता ते चार आणि आठ.

‘स्ट्रिक्टली’ २००४ मध्ये बीबीसीवर सुरू झालं तेव्हा टेबलामागे चौघे होते. लेन गुडमन हे बॉलरूम शिकवणारे जुने गुरुजी. क्रेग रेव्हल हॉरवुड रंगभूमीवरचे नृत्यदिग्दर्शक. आर्लीन फिलिप्स आणि ब्रूनो टोनिओली याही नृत्यदिग्दर्शनातल्याच व्यक्ती, पण बॉलरूमच्या स्पर्धांतल्या नव्हेत. २०१७ मध्ये मुख्य परीक्षक झालेल्या शर्ली बॅलस मात्र लॅटिनच्या मोठ्या स्पर्धा गाजवून आलेल्या. यांना दिलेलं माप एकच : एक ते दहा. पायाला किती, संगीताला किती, अभिनयाला किती, याचं वाटप प्रेक्षकांसमोर कधीच येत नाही. गुडमन पाय आणि पकड बघायचे, टोनिओली नाट्य बघायचे, हे ओघानेच आलं. त्यामुळे चार आणि आठ हे दोन्ही आकडे प्रामाणिक असू शकतात. जागतिक नृत्यक्रीडा महासंघाने आपल्या स्पर्धांसाठी हे वाटप कागदावर आणलंय. तांत्रिक गुणवत्ता, संगीताशी मेळ, जोडीदाराशी समन्वय, रचना आणि सादरीकरण, असे चार भाग वेगवेगळे पारखले जातात. टीव्हीवर ते चालणार नाही हे मला मान्य आहे. एका जोडीला सोळा आकडे वाचून दाखवायचे म्हटलं तर बातम्यांची वेळ होईल.

लोकांना राग येतो तो क्रेगसारख्या कंजूष परीक्षकाचा. वास्तविक कंजूष परीक्षक सगळ्यांशी सारखाच कंजूष असेल तर काहीच बिघडत नाही. प्रत्येकाचे दोन गुण कमी झाले, क्रम तोच राहिला. घोटाळा होतो तो त्याची पट्टी लांब असल्याने. बाकीचे तिघे सातापासून नवापर्यंतच वापरतात आणि एक जण तीनपासून नवापर्यंत, तर त्या एकाचं वजन आपोआप वाढतं. उदाहरण करून बघा. ‘अ’ जोडीला तिघांनी आठ-आठ दिले, चौथ्याने नऊ : बेरीज ३३. ‘ब’ जोडीला तिघांनी नऊ-नऊ दिले, चौथ्याने चार : बेरीज ३१. चारपैकी तिघांच्या मते ‘ब’ सरस होती, आणि फळ्यावर ‘अ’ वर. कुणीही लबाडी केली नाही. एका माणसाने तिघांना हरवलं, इतकंच.

बॉलरूमच्या जगाने हे दुखणं फार पूर्वी ओळखलं होतं. तिथे १९३० च्या दशकापासून जी पद्धत रुळली तिला ‘स्केटिंग पद्धत’ म्हणतात. अंतिम फेरीत परीक्षक गुण देतच नाही. सहा जोड्यांना पहिला ते सहावा असे क्रमांक देतो. निम्म्याहून जास्त परीक्षकांनी जिला पहिली ठरवली ती पहिली. अशी कुणी नसेल तर ‘पहिला किंवा दुसरा’ किती जणांनी दिला ते मोजायचं, असं खाली उतरत जायचं. परीक्षकांची संख्या विषम ठेवतात, म्हणजे बहुमत अडत नाही. वरच्या उदाहरणात या पद्धतीने ‘ब’ सरळ जिंकली असती. एखाद्या परीक्षकाला आपल्या लाडक्या जोडीला वर काढायचं असलं तरी तो जास्तीत जास्त पहिला क्रमांक देणार, त्याहून पुढे त्याची शक्तीच नाही. ‘स्ट्रिक्टली’ने ही पद्धत घेतली नाही, कारण उघड आहे. दहाची पाटी वर झाली की स्टुडिओ उसळतो. ‘मी हिला तिसरी ठेवली’ यावर कोण उसळणार?

इथवर फक्त परीक्षकांची बेरीज झाली. तिच्यात प्रेक्षकांची मतं मिळवतात तिथे खरी मजा.

पद्धत अशी. परीक्षकांच्या फळ्यावरचे गुण तसेच्या तसे धरत नाहीत. त्यांचा क्रम लावतात. दहा जोड्या असतील तर वरच्या जोडीला १०, तिच्या खालचीला ९, तळाला १. प्रेक्षकांच्या मतांचाही असाच क्रम. दोन्ही क्रमांचे गुण मिळवायचे, बरोबरी झाली तर प्रेक्षकांचा क्रम वरचढ. आता बघा, परीक्षकांनी तळाला टाकलेली जोडी प्रेक्षकांची सगळ्यात लाडकी असेल तर १ आणि १० मिळून ११. दहा जोड्यांची सरासरीही ११ च येते. म्हणजे परीक्षकांच्या मते सगळ्यात वाईट नाचणारा माणूस आरामात मध्यावर बसतो! मग जातो कोण? मधला जातो. परीक्षकांच्या फळ्यावर सातव्या जागी असलेला, ज्याचा कुणाला राग नाही आणि ज्याच्यासाठी कुणी फोनही उचलत नाही असा. ४ आणि १, झाले ५. चला घरी.

शिवाय क्रम लावला की अंतर पुसलं जातं. ३९ आणि ३८ यांत जेवढा फरक, तेवढाच ३८ आणि २० यांत. एखाद्याचा पासो डोबले किती वाईट होता हे बेरजेत शिल्लकच राहत नाही.

याचं गाजलेलं उदाहरण २००८ चं, आणि योगायोगाने त्यातही पासो डोबलेच आहे. जॉन सार्जंट हे बीबीसीचे जुने राजकीय पत्रकार, अंगाने गोल, नाचायला अवघड. त्यांनी पासो डोबले करताना जोडीदारीण क्रिस्टिना रिहानॉफ हिला फरशीवरून अक्षरशः फरफटत नेलं. परीक्षकांनी झोडलं. परीक्षक जितके झोडत तितके लोक त्यांना हिरिरीने मतं देत. आठवड्यामागून आठवडे त्यांच्याहून कितीतरी बरे नाचणारे बाहेर पडत गेले. शेवटी नोव्हेंबरमध्ये सार्जंट स्वतःच बाजूला झाले. आपण खरंच जिंकून बसू आणि मग ही थट्टा फार होईल, असं त्यांचं म्हणणं. माणूस शहाणा. लोकांनी मात्र तेव्हा परीक्षकांवरच राग काढला. यात मी लोकांच्या बाजूने आहे. मत कशासाठी मागितलं होतं? ‘कोण चांगलं नाचलं’ हे विचारायला परीक्षक आहेतच. प्रेक्षकाला विचारतात ते ‘पुढच्या शनिवारी कोण हवं’, आणि त्याचं उत्तर त्यांनी प्रामाणिकपणे दिलं.

त्याच वर्षी डिसेंबरात उपांत्य फेरीत गणितानेच घोळ घातला. तीन जोड्या उरल्या होत्या. तळाच्या दोन जोड्यांनी पुन्हा नाचायचं आणि परीक्षकांनी त्यांतली एक काढायची, असा नियम. परीक्षकांच्या फळ्यावर रेचल स्टीव्हन्स आणि लिसा स्नोडन यांची वर बरोबरी झाली, म्हणून दोघींना ३-३ गुण आणि तिसऱ्या टॉम चेंबर्सला १. आता प्रेक्षकांनी टॉमला पहिलं ठेवलं तरी त्याचे ४ च होणार. दोघींपैकी जिला प्रेक्षकांचे २ मिळतील तिचे ५. म्हणजे टॉम पहिला येणं अशक्य, आणि पहिला आल्याशिवाय तळाच्या दोघांतून सुटका नाही. लोक पैसे मोजून फोन करत होते आणि त्या फोनने टॉम वाचू शकतच नव्हता! हे ध्यानात आल्यावर बीबीसीने ती फेरी गुंडाळली, तिघांनाही अंतिम फेरीत नेलं आणि पडलेली मतं पुढे धरली. अंतिम फेरी जिंकली ती टॉम चेंबर्सनेच. तिसऱ्याला १ ऐवजी २ दिले असते तर त्याचेही ५ होऊन प्रेक्षकांच्या कौलावर तो सुटू शकला असता. एका गुणाची गोष्ट होती.

आणि अंतिम फेरीत? तिथे आता परीक्षकांचे गुण नुसते मार्गदर्शनापुरते, निकाल सगळा प्रेक्षकांचा. त्याचे परिणाम नेहमी वाईटच होतात असं नाही. २०१८ ची विजेती स्टेसी डूली माहितीपट करणारी, नाचाचं शिक्षण नसलेली. अंतिम फेरीत तिने ‘मालागेन्या’वरचा आपला पासो डोबले पुन्हा केला, आणि समोर होत्या पॉप गटांतून नाचत आलेल्या दोघी गायिका. लोकांनी शिकत गेलेलीला निवडलं. तांत्रिकदृष्ट्या तो निकाल चुकीचा म्हणता येईल, पण मला खटकला नाही.

अमेरिकेत हाच कार्यक्रम २००५ पासून ‘डान्सिंग विथ द स्टार्स’ नावाने चालतो. तिथे बराच काळ क्रमाऐवजी टक्केवारी मिळवत. ऐकायला ते जास्त न्याय्य वाटतं. करून बघा : पाच जोड्या, ३० पैकी गुण ३०, २९, २८, २६, २२. एकूण १३५. वरच्या जोडीचा वाटा साधारण २२ टक्के, तळाच्या जोडीचा १६. जेमतेम सहा टक्क्यांचा फरक. मतांमध्ये मात्र एखाद्याला ३५ टक्के आणि एखाद्याला १० सहज पडू शकतात. कागदावर निम्मं-निम्मं, प्रत्यक्षात परीक्षक शोभेचे. २०१८ मध्ये बॉबी बोन्स हा रेडिओवरचा निवेदक परीक्षकांचे गुण मागे असूनही जिंकला, तेव्हा बराच गदारोळ झाला. पुढच्या वर्षीपासून तळाच्या दोन जोड्यांपैकी कुणाला ठेवायचं हे परीक्षकांच्या हाती दिलं.

एक गोष्ट जावयांच्या बाजूची आहे, तीही सांगायला हवी. कोण कितव्या क्रमांकावर नाचणार, कुणाला कोणत्या आठवड्यात कोणता नाच, कोणतं गाणं, हे निर्माते ठरवतात. आणि क्रमाने फरक पडतो. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात उशिरा वाजवणाऱ्यांना वरचे क्रमांक मिळण्याकडे कल दिसला. युरोव्हिजन आणि फिगर स्केटिंग यांच्या २००५ च्या अभ्यासातही नंतर येणाऱ्यांना जास्त गुण मिळालेले आढळले. पहिल्याला दहा द्यायला परीक्षक कचरतो, पुढे कुणी सरस निघालं तर काय, म्हणून. शेवटच्याच्या वेळी ती भीती नसते. शिवाय फोनच्या लाइन उघडतात तेव्हा शेवटचा नाच ताजा असतो. याला ‘ठरवलेलं’ म्हणायचं का? मी म्हणणार नाही. पण बाजारातला तराजू थोडा हलवलेला आहे हे खरं, आणि हलवणारा हात परीक्षकाचा नाही.

प्रश्न : पासो डोबलेत बाई कोण असते? नात म्हणते बैल.

उत्तर : परंपरेने ती मॅटाडोरच्या हातातलं कापड, म्हणजे केप. म्हणून तिला इतकं फिरवतात, झोकतात, जमिनीवर पसरवतात. अलीकडच्या रचनांत ती कधी फ्लेमेंको नर्तकी होते, कधी बैलही, त्यामुळे नातीला पूर्ण चूक म्हणता येणार नाही. हे रूप सगळ्यात सुंदर बघायचं तर बर्फावर बघा. १९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये जेन टॉर्विल आणि क्रिस्तोफर डीन यांनी रिम्स्की-कोर्साकोव्हच्या ‘काप्रिचिओ एस्पान्योल’वर पासो डोबले केला, तो मॅटाडोर, ती केप. लोकांना त्यांचा ‘बोलेरो’ आठवतो, कारण त्याला नऊच्या नऊ परीक्षकांनी कलात्मकतेसाठी पूर्ण सहा गुण दिले. पण माझी आवड विचाराल तर तो पासो डोबले. स्केटिंगची ती सहा गुणांची पद्धत पुढे २००२ च्या सॉल्ट लेक सिटीतल्या परीक्षणाच्या घोटाळ्यानंतर मोडीत निघाली. तिथे मात्र प्रकरण खरोखरच ‘ठरवण्याचं’ निघालं, आणि कॅनडाच्या जोडीला मागाहून दुसरं सुवर्णपदक द्यावं लागलं.

प्रश्न : आपल्याकडच्या कार्यक्रमांतही हेच चालतं का?

उत्तर : सांगाडा तोच. ‘झलक दिखला जा’ २००६ मध्ये आला तो ‘स्ट्रिक्टली’चाच भारतीय अवतार. त्याच्या आदल्या वर्षी सुरू झालेल्या ‘नच बलिये’चा पहिला मोसम सचिन आणि सुप्रिया पिळगावकर यांनी जिंकला, आणि पुढे सचिनच ‘एका पेक्षा एक’मध्ये महागुरू म्हणून टेबलाच्या पलीकडे बसले. दोन्ही बाजूंचा अनुभव असलेले परीक्षक तसे कमीच. आपल्याकडे अडचण वेगळी आहे. एकाच संध्याकाळी लावणी, कथ्थक, साल्सा आणि हिंदी गाण्यावरचं काहीतरी, सगळ्यांना तेच दहा गुण. पासो डोबलेत टाच आधी की चवडा, हा निदान वादाचा मुद्दा तरी होतो. लावणीतली अदा आणि साल्सातलं वळण एका पट्टीवर कसं मोजणार? म्हणून तिथे आकड्यापेक्षा परीक्षकाचे भरून आलेले डोळे जास्त चालतात.

प्रश्न : मग घरी बसून गुण द्यायचे तर कसे?

उत्तर : पहिली वीस सेकंदं चेहऱ्याकडे बघूच नका. नाच सुरू होताना कॅमेरा बहुधा लांब असतो, तेवढ्यात पाय आणि खांदे बघून घ्या. टाच पडतेय का, खांदे खाली आहेत का, कंबर गप्प आहे का. नंतर पुरुषाचा डावा हात बघा. जोडीदारिणीला तो ओढत असेल तर कोपर शरीराजवळ येतो. शेवटच्या झोकदार उभ्या पवित्र्याला अर्ध्या गुणापेक्षा जास्त देऊ नका, तो सगळ्यांनाच जमतो. तिला दोन्ही पाय सुटेपर्यंत उचललं असेल तर गुण कापा, पासो डोबलेत ते चालत नाही आणि गुडमन यांना त्याचा विशेष राग असे. आणि आकडा कागदावर लिहून टाका, परीक्षक बोलायच्या आधी. क्रेगचं ऐकल्यावर लिहिलेल्या आकड्यात निम्मा क्रेगच असतो.